लाल मुंग्यांची वारुळं मारू की ठेवू? (टेक्सासचा शिंगाळा सरडा)

माळावरची | ९ मार्च

नमस्कार मंडळी. आम्ही फोर्ट वर्थला राहतो. गेल्या हिवाळ्यात ब्राउनवुडच्या पश्चिमेला, घरापासून अडीच तासांवर, ११ एकर माळ घेतला. झाडं म्हणाल तर मेस्कीट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंडच. मधूनमधून निवडुंग. बाकी गवताचे ठोंब आणि उघडी माती.

प्रश्न मुंग्यांचा आहे. जागेत दोन तऱ्हेच्या मुंग्या आहेत. पहिल्या फायर अँट. भुसभुशीत मातीचा ढीग, चुकून पाय पडला की शेकडोंनी नडगीवर चढतात आणि सगळ्या एकदम डसतात. दुसऱ्या दिवशी पांढरे फोड. दुसऱ्या मोठ्या, तांबड्या, जवळजवळ आपल्या मुंगळ्याएवढ्या. त्यांचं वारूळ एका गोल अंगणाच्या मधोमध असतं. अंगणात गवताची काडी नाही, नुसते खडे, आणि तिथून चहूकडे पायवाटा गेलेल्या. बी तोंडात धरून दिवसभर ये-जा चालू. अशी नऊ अंगणं मी मोजली.

कुंपण घालायला आलेल्या माणसाने सांगितलं, "एकदाच सगळीकडे औषधाचे दाणे फेका, दोन्ही जातील." मी पोती घेऊन आलेही. शेजारचे आजोबा फाटकाशी भेटले, वय ८१. म्हणाले, फायर अँट मार, पण त्या तांबड्यांना हात लावू नकोस. हॉर्नी टोड, म्हणजे शिंगाळे सरडे, त्यांच्यावरच जगायचे. त्यांनी तळहात उघडला आणि मधोमध बोट टेकवून दाखवलं, एवढा. लहानपणी शाळेत जाताना खिशात एक-दोन असायचेच म्हणे. शेवटचा कधी पाहिलात विचारलं, तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, मुलगी शाळेत होती तेव्हा. त्यांची मुलगी आता आजी झाली आहे.

तर दोन प्रश्न. वारुळं ठेवली तर खरंच उपयोग आहे का? आणि इथल्या प्राणिसंग्रहालयांत या सरड्यांची पिल्लं वाढवून रानात सोडतात असं ऐकलं, त्याने काही साधतं का?

चिंचोके | ९ मार्च

टोड म्हणजे बेडूक ना? आधी सरडा की बेडूक ते ठरवा, मग मुंग्यांचं बघू. :)

माळावरची | ९ मार्च

सरडाच, शंभर टक्के. अंग चपटं आणि गोल, बेडकासारखं, म्हणून लोकांनी टोड नाव ठेवलं. डोक्यामागे काट्यांचा मुकुट, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या (टीसीयू) खेळाडूंना तर हॉर्न्ड फ्रॉग्ज म्हणतात. आमचा मुलगा त्यांच्या सामन्यांना जातो. अख्खं स्टेडियम या सरड्याच्या नावाने ओरडतं, आणि त्यातल्या बहुतेक मुलांनी तो जिवंत पाहिलेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

तिसरा_चहा | १० मार्च

माळावरची, आधी पोती परत करा. मग निवांत वाचा. :)

मी १९९८ पासून टेक्सासात आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी सरड्यांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून जातो. तुमच्या कुंपणवाल्याने दिलेला सल्ला नवा नाही. "एकदाच सगळीकडे फेका" हेच इथे सगळ्यांनी केलं, आणि सरडा जायला जी कारणं झाली त्यातलं ते एक मोठं.

फायर अँट मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या. १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात उतरल्या आणि १९५०च्या दशकात टेक्सासात पोचल्या. त्यांना मारायला दक्षिणेकडच्या राज्यांत विमानातून मायरेक्स नावाचं औषध टाकलं गेलं. १९७८ मध्ये त्यावर बंदी आली. पण असलं औषध आमिषात कालवून टाकतात, तेलात भिजवलेला मक्याचा भरडा. तो फक्त फायर अँटने खावा असं त्यावर लिहिलेलं नसतं. तांबड्या मुंग्याही तो घरी नेतात. फरक एवढाच की फायर अँट वर्षभरात परत पसरतात आणि तांबड्यांना तसं जमत नाही. तांबड्यांच्या वारुळातली एक राणी १५-२० वर्षं जगते. ते वारूळ मेलं की तेवढ्या वर्षांचा संसार गेला.

आणि सरड्याचं पोट या मुंग्यांवर. दिवसाला सत्तर-शंभर सहज खातो. या मुंगीचं विष किड्यांच्या विषांत अत्यंत जहाल मानतात. सरड्याच्या रक्तात ते विष मारणारं काहीतरी आहे. शिवाय तो मुंगी चावत नाही, घशातल्या चिकट स्रावात गुंडाळून आख्खी गिळतो. फायर अँट मात्र तो खात नाही. उलट त्याच फायर अँट त्याच्या अंड्यांवर आणि पिल्लांवर तुटून पडतात. म्हणजे ताटातलं अन्न गेलं आणि घरात चोर शिरला.

काय करायचं ते सांगतो. फायर अँटचा एकेक ढीग धरा. सकाळी गारव्यात सगळ्या वर आलेल्या असतात तेव्हा दोन-तीन गॅलन उकळतं पाणी ओता. दहातले सहा ढीग मरतात, उरलेल्यांना परत ओता. ११ एकरांत जमण्यासारखं आहे. पाणी ओतताना पायात बूट हवेत, चपला नकोत.

लोकलचा_डबा | १० मार्च

माझ्या आठ वर्षांच्या मुलीने सांगितलं की हा सरडा डोळ्यातून रक्त उडवतो. मी म्हटलं काहीतरीच. आता ती माझ्या शेजारी बसून उत्तराची वाट बघतेय.

तिसरा_चहा | १० मार्च

मुलीला सांगा, तिचं बरोबर आहे आणि बाबांनी तिची क्षमा मागावी. डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढवतो आणि पापणीच्या कडेतून चिळकांडी मारतो, चार फूट जाते. तीही प्रत्येकावर नाही. कोल्हा, कुत्रा, कायोटी यांच्यासाठी राखून ठेवलेली. त्या रक्ताची चव त्यांना सोसत नाही.

लोकलचा_डबा | १० मार्च

क्षमा मागितली. आइसक्रीमही द्यावं लागलं.

सातारी_कंदी | ११ मार्च

वाचतोय, छान धागा. थोडं अवांतर, पण सरड्याचंच.

आमच्या साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर एक सरडा आहे. नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा असतो, उन्हाळ्यात दगडावर चढून तो उघडतो आणि मिटतो. आम्ही पोरं त्याला नुसता सरडा म्हणायचो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला नावच "सराडा" दिलं, आपल्या मराठी शब्दावरून. सराडा सुपर्बा. वाचून ऊर भरून आला होता.

त्या पठारावर पवनचक्क्या झाल्या. २०१८ च्या अभ्यासात दिसलं की चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून तिथे सरडे उलट वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनासे झाले. सरडे वाढले म्हणून आनंद मानावा तर त्याचं कारण ससाणे गेले हे. तेव्हापासून कुठल्याही प्राण्याची नुसती संख्या सांगितली की मी विचारतो, आजूबाजूला काय झालं ते सांगा. माळावरची, तुमच्या आजोबांनी सरड्याबद्दल बोलताना आधी मुंगी दाखवली, ते मला फार आवडलं.

ऑस्टिनकर | ११ मार्च

माझं मत वेगळं आहे, आणि ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल. प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून सोडणं वर्तमानपत्रातल्या फोटोसाठी उत्तम. लहान मुलं, नखाएवढी पिल्लं, सगळे खूश. पण रानात पिल्लांतली दहातली सात ते नऊ मोठी व्हायच्या आत मरतात. साप, रोडरनर, ससाणे, सगळ्यांना ती हवी असतात. तेवढ्या पैशात आणि मेहनतीत जमीन दुरुस्त करावी. जमीन नीट झाली तर सरडा आपला येईल.

तिसरा_चहा | १२ मार्च

ऑस्टिनकर, जमिनीबद्दल पूर्ण सहमत. "आपला येईल" याबद्दल नाही. कुठून येईल? फोर्ट वर्थ, ऑस्टिन, सॅन अँटोनियो ही रेघ नकाशावर ओढा. तिच्या पूर्वेला तो जवळजवळ संपला आहे. हा प्राणी मैलोन् मैल चालत जाणारा नाही. मध्ये हायवे, वसाहती, नांगरलेली शेतं. आपल्याकडे म्हणतात ना, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. टेक्सासची ९५ टक्के जमीन खाजगी आहे, त्यामुळे कुंपणाच्या आतला माणूस काय करतो यावरच सगळं अडलंय.

सोडण्याचं म्हणाल तर मेसन माउंटन या राज्याच्या अभयारण्यात हे बरीच वर्षं चाललंय. आधी पश्चिमेकडून मोठे सरडे धरून आणून सोडले. त्यातले बरेच मेले, आणि जिथून आणले तिथलेही कमी होणार ही अडचण होतीच. मग फोर्ट वर्थ आणि डॅलसच्या प्राणिसंग्रहालयांतली पिल्लं शेकड्यांनी सोडायला लागले. दहातली नऊ मरणार हे धरूनच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथे अशी पिल्लं सापडली जी कुणी सोडलेली नव्हती. म्हणजे संग्रहालयात जन्मलेले सरडे रानात तगले, हिवाळे मातीखाली काढले, जोड्या जमल्या, अंडी घातली, ती फुटली. ही बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

सॅन अँटोनियोचं संग्रहालयही आता खाजगी रँचवर सोडतं, पण आधी त्या रँचची माती, गवत, मुंग्या तपासून. म्हणजे तुम्ही म्हणता तेच, जमीन आधी.

ऑस्टिनकर | १२ मार्च

मेसनचं मला ठाऊक नव्हतं. फोटोबद्दल बोललो ते मागे घेतो. पण जमिनीचा मुद्दा सोडत नाही, कारण लोक तिथेच चुकतात. मुंग्या वाचवतात आणि गवत लावतात. इथे चाऱ्यासाठी आणि लॉनसाठी बर्म्युडा गवत सर्रास लावतात. ते जमिनीवर गालिच्यासारखं दाट पसरतं. सरडा चपटा आणि रुंद, त्याला त्यातून पळताच येत नाही. त्याला गवताचे सुटे ठोंब हवेत आणि मध्ये उघडी माती. लपायला ठोंब, ऊन खायला माती, पळायला वाट.

आजीचा_बटवा | १२ मार्च

थांबा थांबा. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी ना?

ऑस्टिनकर | १२ मार्च

हो, तीच. दूर्वा. इथे चाऱ्यासाठी तिच्या जोमदार जाती काढल्या आहेत, पण मूळ गवत तेच.

आजीचा_बटवा | १३ मार्च

अगं बाई. मी ह्यूस्टनला गणपतीसाठी २१ जुड्या हव्यात म्हणून दरवर्षी अंगणात जपून वाढवते. आमच्या शेतात गावी वडील मात्र हरळी दिसली की कुळवाच्या मागून मुळ्या वेचत फिरायचे. म्हणायचे, हरळी शिरली की शेत गेलं. देवाला प्रिय आणि शेतकऱ्याला नकोशी. सरड्यालाही नकोशी हे आज कळलं. माझी आता कुंडीत राहील.

ओसाड_गाव | १५ मार्च

अबिलीनला जाताना ईस्टलंड नावाचं गाव लागतं. तिथल्या न्यायालयात काचेच्या पेटीत एक शिंगाळा सरडा मखमलीवर ठेवलाय. नाव ओल्ड रिप. १८९७ मध्ये न्यायालयाच्या कोनशिलेत त्याला जिवंत ठेवला म्हणे. १९२८ मध्ये इमारत पाडताना हजारो लोकांसमोर कोनशिला उघडली, आणि ३१ वर्षांनी त्याने पाय हलवला. मग देशभर फिरवला. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनीही पाहिला. वर्षभरात थंडीत मेला.

चिंचोके | १५ मार्च

३१ वर्षं? कोनशिलेत? आणि मुंग्या कोण पुरवत होतं?

तिसरा_चहा | १५ मार्च

३१ वर्षं शक्य नाही. हा सरडा एवढा जगत नाही, आणि अन्नाशिवाय तर नाहीच. कुणीतरी ऐनवेळी दुसरा ठेवला असणार. पण बघा, १९२८ मध्ये गावात दुसरा सरडा मिळणं इतकं सोपं होतं. आज मोजणीला गेलो की दिवसभर पंधरा माणसं उन्हात फिरतात आणि बऱ्याचदा एकही दिसत नाही.

मुक्काम_पोस्ट | १८ मार्च

दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही लहानपणी सरडे मारायचो. नगर जिल्ह्यात, शाळा सुटली की बोरीच्या कुंपणावर दगड. तो मान हलवतो म्हणजे आपल्याला चिडवतो असं कुणीतरी सांगितलेलं. एकाही मोठ्या माणसाने अडवलं नाही. एकदा बहिणीने पाहिलं, तिने घरी न सांगता नुसतं माझ्याशी बोलणं बंद केलं, आठ दिवस. त्यानंतर मी मारला नाही. पण मारलेले आठवतात.

घोरपडीचंही तसंच झालं. आमच्या ओढ्याला दर पावसाळ्यात दिसायची. तेलासाठी आणि मटणासाठी धरून नेत. अलीकडे तर "हत्था जोडी" म्हणून झाडाचं मूळ सांगून विकतात ते मूळ नसतंच, नर घोरपडीचं लिंग असतं. कायद्याने घोरपडीला वाघाइतकं संरक्षण आहे. तरी देवघरात कुंकू लावून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. घरात पैसा येतो म्हणे. कुणी विकायला आणली तर घेऊ नका, आणि वनखात्याला कळवा.

टेक्सासच्या पोरांनीही खिशात घालून नेले, पर्यटकांना विकले, हे वाचलं तेव्हा माझ्या गावाची पोरं डोळ्यांसमोर आली. त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

माळावरची | १९ मार्च

मुक्काम_पोस्ट, नमस्कार पोचवला. आजोबा म्हणाले, आमच्याकडे त्याच्या पोटावर बोट फिरवलं की तो डोळे मिटून निपचित पडायचा, म्हणून पोरं दिवसभर खेळायची आणि संध्याकाळी जिथे असतील तिथे सोडून घरी जायची. ते सुद्धा बरोबर नव्हतं, असंही म्हणाले.

पोती परत केली. पाण्याची मोठी पातेली आणली.

रेवडी | २ एप्रिल

एक शंका. त्या भागात पाऊस कमी. मग हे पितात काय?

तिसरा_चहा | २ एप्रिल

पाऊस अंगावर घेतात! सर आली की पाय ताणून पाठ उंच करतात. खवल्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप तोंडाकडे ओढलं जातं आणि ते जबडा हलवत पितात. मी एकदाच पाहिलंय. भिजलो, पण हललो नाही.

ऑस्टिनकर | ४ एप्रिल

शहरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सॅन अँटोनियोच्या आग्नेयेला केनेडी आणि कार्न्स सिटी ही लहान गावं आहेत. तिथे गल्लीबोळांत, मोकळ्या प्लॉटवर हे सरडे अजून राहतात. टीसीयूचे प्राध्यापक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे आहेत. विष्ठा तपासून कळलं की गावातले सरडे वाळवी आणि बारीक मुंग्या खूप खातात. म्हणजे मोठ्या तांबड्या नसल्या तरी काही काळ भागवतात. पण गवताची पट्टी, कच्चा बोळ, पडीक कोपरा शिल्लक हवा. सगळं काँक्रीट केलं की संपलं. आणि दिसला तर उचलू नका. १९७७ पासून तो राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे, परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे. १९९३ मध्ये राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला, तो वेगळा.

लोकलचा_डबा | ४ एप्रिल

मुलगी विचारतेय, राज्याचा मान त्याला कुणी सांगितला का?

माळावरची | २७ सप्टेंबर

धागा वर काढतेय. सहा महिने झाले.

उन्हाळाभर दर शनिवारी पहाटे पाणी उकळलं. फायर अँटचे ३४ ढीग होते, आता ११ दिसतात. हे नव्या ठिकाणी उगवतात, तेव्हा संपले असं म्हणत नाही. तांबड्यांची नऊ अंगणं होती ती नऊच आहेत. जुन्या मालकाने रस्त्यालगत लावलेली हरळी नवऱ्याने आणि मी खणून काढली, दीड महिना लागला. आजीचा_बटवा, तुमच्या वडिलांची रोज आठवण काढली.

सरडा दिसलेला नाही. एकही नाही. आम्ही फिरलो, शेजारी फिरले, तिसरा_चहा स्वतः तीन तास गाडी चालवून येऊन फिरून गेले.

पण गेल्या रविवारी कच्च्या वाटेच्या कडेला, एका तांबड्या वारुळापासून वीसेक पावलांवर, एक विष्ठा सापडली. बोटाच्या पेराएवढी, काळपट तांबूस, एका टोकाला पांढरा ठिपका. तिसरा_चहांना फोटो पाठवला. ते म्हणाले, बशीत पाणी घ्या, तीत टाका, सुईने सोडवा आणि काय निघतं ते सांगा. भेकाचीही (खऱ्या टोडची) असू शकते, भेकही मुंग्या खातो, पण त्याच्यात इतर किड्यांची भर असते.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून सोडवली. डोकी निघाली. तांबडी, चौकोनी, जबड्यासकट. मोजून ८३. एका ढालकिड्याचा पंख सोडला तर दुसरं काही नाही.

तिसरा_चहा | २७ सप्टेंबर

मी त्यांना फोनवर सांगितलं तेच इथे लिहितो. विष्ठेवरून शपथ घेऊन सांगत नाही. पण ८३ डोकी आणि एवढी मोठी विष्ठा, माझ्या मते तोच. ऑक्टोबरात तो मातीत शिरेल. एप्रिलमध्ये ऊन तापलं की सकाळी दहाच्या सुमारास त्याच वारुळाच्या कडेला बसा. हलू नका. मीही येतो.

चिंचोके | २८ सप्टेंबर

सहा महिन्यांपूर्वी मी विचारलं होतं सरडा की बेडूक. आज ८३ डोकी वाचून अंगावर काटा आला. आजोबांना दाखवलं का?

माळावरची | २८ सप्टेंबर

दाखवलं. बशी घेऊनच गेले. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हां." मग विचारलं, नेमकं कुठे. मी नेऊन दाखवलं.

ते एरवी आमच्याकडे येताना पिकअप थेट त्या कच्च्या वाटेने आत आणतात, गुडघे दुखतात म्हणून. काल आले तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी केली आणि काठी टेकत, खाली बघत, चालत आले.